शनिवारवाड्यांतील हांक

पुण्यास प्रथमच आलेल्या पाहुण्याला शनिवारवाडा दाखविण्यास फारसा वेळ लागत नाहीं. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे, त्यावरचा नगारखाना, आंतील इमारतींचीं उघडीं जोतीं आणि कारंज्यांचे हौद एवढें पाहून झालें, कीं पाहण्यासारखें फार उरत नाहीं. मग पाहुणाच आवाज थोडा खालीं आणून विचारतो, "रात्रीं ऐकूं येतें म्हणतात, तें खरें का हो ?" काय ऐकूं येतें हें त्याला सांगावें लागत नाहीं, आणि यजमानालाहि विचारावें लागत नाहीं. महाराष्ट्रांत शाळेंत गेलेल्या प्रत्येक मुलाला ते तीन शब्द ठाऊक असतात : "काका, मला वाचवा !"

दंतकथा अशी : पौर्णिमेच्या रात्रीं, कोणी अमावास्येच्या म्हणतात, मध्यरात्रीचा सुमार झाला कीं वाड्याच्या ओसाड आवारांतून कोवळ्या वयाच्या मुलाची ही हांक उठते आणि विरून जाते. याहून अधिक कांहीं घडत नाहीं. हें भूत कोणाला झपाटीत नाहीं, कोणाच्या अंगांत येत नाहीं, वाटसरूला चकवीत नाहीं कीं नारळ-कोंबडें मागत नाहीं. मराठी मुलखांतील भुतांची रीत पाहतां हें चमत्कारिकच म्हणावयाचें. मेलेल्या माणसाला कोणती योनि मिळावी याचे आपल्याकडे ठराविक नियम आहेत. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. बाळंतपणांत गेलेली बाई हडळ होते. वासना मागें ठेवून निपुत्रिक मेलेला ब्राह्मण समंध होऊन आपल्या वाड्याला किंवा ठेव्याला चिकटून बसतो. नारायणराव पेशवे यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहींत. त्यांचें लग्न झालें होतें, पत्नी गरोदर होती, आणि पुढें त्यांना मुलगाहि झाला. मरणाच्या दिवशीं त्यांना अठरावें वर्ष पुरें होऊन अवघे वीस दिवस लोटले होते. लोकांनीं त्यांना मुंजा केलें नाहीं कीं समंध केलें नाहीं. त्यांच्यासाठीं नुसता आवाज तेवढा राखून ठेवला.

ह्या आवाजाचा माग काढूं गेलें, तर तो खुनाच्या हकीकतीशीं सर्वत्र जुळत नाहीं. कांहीं ठिकाणीं तो तिच्या अगदीं उलट जातो. आणि जेथें तो उलट जातो, तेथेंच विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

वाडा थोरल्या बाजीरावांचा. पाया घातला ता. १० जानेवारी १७३० रोजीं, वास्तुशांति झाली ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं. दोन्ही दिवस शनिवारचे, म्हणून वाड्याचें नांव शनिवारवाडा. आरंभींच्या बांधकामास १६,११० रुपये लागले असें सांगतात. जागा निवडण्याचीहि एक दंतकथा आहे : या ठिकाणीं एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला बाजीरावांनीं पाहिला आणि ही भूमि दुबळ्याला बळ देणारी आहे असें त्यांनीं ताडलें. ससा आणि कुत्रा यांची ही गोष्ट हिंदुस्थानांतील पुष्कळ गांवांच्या आणि किल्ल्यांच्या वांट्यास आलेली आहे, तेव्हां ती मनावर फारशी घेण्याचें कारण नाहीं. मात्र पुढें त्याच भूमीवर एका दुबळ्याच्या पाठीस लागलेल्यांना कोणीहि अडवूं शकलें नाहीं, एवढें खरें. नानासाहेबांनीं वाड्याला तट-बुरूज बांधले, मजल्यांवर मजले चढले, आणि पानपतानंतर थोरल्या माधवरावांच्या अकरा वर्षांत सबंध हिंदुस्थानच्या राजकारणाचे धागे या चौकांतून पुनः हलूं लागले.

माधवराव थेऊर येथें ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं क्षयानें वारले. मागें धाकटा भाऊ नारायणराव आणि चुलते रघुनाथराव. चुलत्यांचा घोडा अटकेपर्यंत जाऊन आलेला. पुतण्याचें वय सतरा. रघुनाथरावांनीं माधवरावांशीं कारभारासाठीं लढाई खेळलेली होती, आणि नारायणरावांच्या कारकीर्दींतहि ते वाड्यांतच नजरकैदेंत होते. कैदी आणि कैद करणारा एकाच छपराखालीं, एकाच देवघराच्या घंटा ऐकत राहत होते. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते. गारदी म्हणजे कवाईत शिकलेलें, रोख पगारावर चाकरी करणारें पायदळ. त्यांत उत्तरेकडील हिंदू होते तसे मुसलमानहि होते. त्यांचा पगार थकलेला होता. थकलेल्या पगाराची तक्रार ही मराठी दरबारांत नित्याची बाब. तिच्याआड दुसरें कांहीं शिजत असेल अशी शंका त्यामुळें सहसा कोणास येत नसे.

आतां त्या दिवसाकडे वळावयाचें. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, ता. ३० ऑगस्ट १७७३. अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशीं होती, म्हणजे वाड्यांत गणपतीचा उत्सव अद्याप चालू होता. सकाळीं गारद्यांची कांहीं चुळबूळ नारायणरावांच्या कानीं आली होती. त्यांनीं हरिपंत फडक्यांस बंदोबस्त करावयास सांगितलें. हरिपंतांनीं होकार दिला आणि ते स्नेह्याकडे जेवावयास गेले. बंदोबस्त जेवणानंतर करावयाचा होता. पुढें बारभाईंच्या कारस्थानांत व अनेक लढायांत नांव मिळविणारा हा कर्ता पुरुष त्या एका दुपारीं चुकला, आणि ती चूक इतिहासांत त्याच्या नांवापुढें कायमची लागून राहिली.

दुपारची वेळ. नारायणराव विश्रांति घेत होते. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे गारद्यांचे नायक आपल्या माणसांसह आंत घुसले. पगाराच्या आरड्याओरड्यानें सुरू झालेला गोंधळ पाहतां पाहतां कत्तलींत बदलला. नारायणराव जागे होऊन मागच्या वाटेनें पळाले. पानपतावरून न परतलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्याकडे ते आधीं गेले आणि त्यांनींच चुलत्यांकडे जावयास सुचविलें, असेंहि सांगतात. तें कसेंहि असो. सुमेरसिंग मागें लागलेला असतां त्यांनीं रघुनाथरावांस गांठलें आणि त्यांना घट्ट मिठी मारून जीव वांचविण्याची विनवणी केली. रघुनाथरावांनीं मध्यें पडण्याचा प्रयत्न केला, असें ग्रँट डफनें दिलें आहे. सुमेरसिंगाचें उत्तर हिशेबी होतें : इतकें केल्यावर आतां याला सोडलें तर आपला नाश ठरलेला, तेव्हां मिठी सोडवा, नाहीं तर दोघांनाहि कापतों. रघुनाथरावांनीं मिठी सोडविली. त्यांचा सेवक तुळाजी पवार यानें नारायणरावांचा पाय धरून त्यांना ओढलें. तेवढ्यांत चाफाजी टिळेकर नांवाचा नारायणरावांचा एक खिजमतगार धांवत आला आणि त्यानें धन्याच्या अंगावर आपलें अंग टाकलें. तरवारी दोघांवरहि एकदमच चालल्या.

दंतकथेचा आणि इतिहासाचा पहिला विरोध येथें दिसतो. हांक ऐकूं येते ती मध्यरात्रीं, चंद्र माथ्यावर असतांना किंवा नसतांना, वाडा निर्मनुष्य असतांना. खून झाला तो भर दुपारीं, पौर्णिमेला दोन दिवस उरलेले असतांना, आणि माणसांनीं गजबजलेल्या वाड्यांत. उत्सवाचे ब्राह्मण, कारकून, शागीर्द, कुणबिणी, पहारेकरी अशीं शेंकडों माणसें त्या वेळीं आवारांत वावरत होतीं. नारायणरावांचा आवाज पुष्कळांनीं ऐकला असला पाहिजे. निर्मनुष्य रात्रींत मारलेली हांक कोणीच ऐकत नाहीं, म्हणून तिची करुणा वाटते. भरल्या वाड्यांत मारलेली हांक ऐकूनहि फार थोडे पुढें आले, ही गोष्ट अधिक अवघड आहे. लोककथेनें दुपारची रात्र केली आणि ऐकणाऱ्यांना त्या जागेवरून अलगद दूर केलें.

दुसरी गोष्ट त्या तीन शब्दांची. रघुनाथरावांना घरांत व दरबारांत "दादासाहेब" म्हणत. "राघोबादादा" हें त्यांचें नांव आजहि तोंडोतोंडीं आहे. घाबरलेल्या मुलाच्या तोंडून त्या क्षणीं नेमका कोणता शब्द निघाला हें टिपून घेणारा लेखक तेथें नव्हता. विनवणी केली हें हकीकती सांगतात. "काका, मला वाचवा" हें सुटसुटीत, तालांत बसणारें वाक्य मात्र सांगोवांगीनें घडलेलें दिसतें. "दादासाहेब" म्हटलें तर ऐकणाऱ्यास नातें समजावून सांगावें लागतें. "काका" म्हटलें कीं खून, विश्वासघात आणि भाऊबंदकी हीं तिन्हीं दोन अक्षरांत उमटतात.

अर्ध्या-पाऊण तासांत सारें आटोपलें. नारायणरावांखेरीज आणखी दहाएक माणसें त्या दुपारीं वाड्यांत मेलीं. त्यांत ब्राह्मण होते, मराठे चाकर होते, दोन कुणबिणी होत्या. गोंधळांत सांपडलेली एक गायहि मारली गेली. धर्मशास्त्राच्या दृष्टीनें ब्रह्महत्या, स्त्रीहत्या आणि गोहत्या हीं तिन्हीं पातकें एका उत्सवाच्या दिवशीं, गणपतीच्या देखत घडलीं. त्या काळच्या मनाला हा आघात किती मोठा वाटला असेल, याची कल्पना आजच्या वाचकानें थोडी थांबून केली पाहिजे. रात्रीं देह नदीकांठीं नेऊन दहन केला. ज्या दरवाजानें तो बाहेर काढला त्याला पुढें नारायण दरवाजा म्हणूं लागले. पुण्याला अशा नांवांची संवय आहे. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळीं झालेल्या रक्तपातामुळें सदाशिव पेठेंतील मुरलीधर "खुन्या मुरलीधर" झाला, आणि भाविक त्याच नांवानें त्याच्या दर्शनास जात राहिले. तेथें नांव राहिलें पण हांक राहिली नाहीं.

हांक राहण्यास नुसता रक्तपात पुरत नाहीं, त्यासाठीं अपुरा राहिलेला न्याय लागतो. नारायणरावांच्या बाबतींत तो अपुरा राहिला, आणि तोहि एका निःस्पृह माणसानें आपलें काम चोख बजावल्यावर. रामशास्त्री प्रभुणे यांनीं सुमारें सहा आठवडे चौकशी केली. सत्ता त्या वेळीं रघुनाथरावांच्या हातीं होती. म्हणजे ज्याच्या चाकरींत न्यायाधीश, त्याच्याच दाराशीं माग जाऊन पोंचत होता. रियासतकार सरदेसाई यांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें चौकशींत ४९ जण दोषी निघाले : १३ गारदी, २६ ब्राह्मण, ३ प्रभु आणि ७ मराठे. हे आंकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. गारद्यांचा म्हणून जो खून ओळखला जातो, त्यांत गारद्यांच्या दुप्पट ब्राह्मण होते, आणि त्यांतले बहुतेक कारकुनी पेशाचे. तरवार गारद्यांची, पण निरोप, मसलत, वचनें आणि पैशाची हमी यांसाठीं लेखणी धरणारे हात लागले होते. रामशास्त्र्यांनीं रघुनाथरावांच्या तोंडावर त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडून ते वांईकडे निघून गेले. बारभाईंचा अंमल बसल्यावर ते पुनः न्यायासनावर आले.

निकाल झाला, पण त्याची अंमलबजावणी तुकड्यातुकड्यांनीं झाली. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग व तुळाजी पवार हैदर अल्लीच्या आश्रयास गेले होते. पुणें दरबारानें त्यांना कांहीं वर्षांनीं परत मिळविलें आणि देहदंड दिला. मुख्य आरोपी मात्र इंग्रजांकडे गेला. सन १७७५ चा सुरतेचा तह, त्यांतून उद्भवलेलें मराठ्यांचें आणि इंग्रजांचें पहिलें युद्ध, आणि शेवटीं ता. ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांवीं आलेलें मरण, ही रघुनाथरावांची पुढची वाट. त्यांना न्यायासनानें शिक्षा सांगितली, पण ती कोणी दिली नाहीं.

आरोपपत्राची जागा मग एका म्हणीनें घेतली. "ध" चा "मा" केला, हा वाक्प्रचार आज मराठींत इतका रुळला आहे, कीं तो वापरणाऱ्याला त्यामागचा खून आठवतोच असें नाहीं. गोष्ट अशी कीं रघुनाथरावांनीं "नारायणरावास धरावें" एवढाच हुकूम लिहून दिला आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनीं "धरावें" चें "मारावें" केलें. रामशास्त्र्यांना मूळ कागद मिळाला व त्यांत ही खाडाखोड दिसली, असें ग्रँट डफ सांगतो आणि हा बदल आनंदीबाईंनीं केल्याची सार्वत्रिक समजूत नोंदवितो. त्याचा ग्रंथ सन १८२६ चा, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनीं छापलेला. समजूत सार्वत्रिक असणें आणि पुरावा असणें यांत अंतर आहे. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारण जाणत होत्या. म्हणून त्यांच्या हातून हें अक्षर बदललें असें सिद्ध होत नाहीं. परंतु गोष्ट म्हणून ती फारच सोयीची आहे. नवऱ्याला नुसतें धरावयाचें होतें, बायकोनें मारविलें. ४९ माणसांचें कारस्थान एका बाईच्या बोरूच्या टोंकावर येऊन उभें राहिलें. २६ ब्राह्मणांचीं नांवें विसरलीं गेलीं आणि एक अक्षर तेवढें लक्षांत राहिलें.

भुताची गोष्ट या सुमारास केव्हां तरी आकार घेऊं लागली असावी. पण तिचा पहिला बळी पुण्याचा सामान्य रहिवासी नव्हता; तो खून करविणाऱ्याचाच मुलगा होता. दुसरे बाजीराव जन्मले ता. १० जानेवारी १७७५ रोजीं, खुनानंतर सोळा महिन्यांनीं. त्या दुपारशीं त्यांचा सुतराम संबंध नव्हता. तरीहि गादीवर आल्यावर नारायणरावांच्या हत्येचें प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं ब्राह्मणांना व देवस्थानांना सढळ दानधर्म केला आणि पुण्याच्या आसपास कित्येक लाख आंब्यांचीं झाडें लावविलीं, अशी नोंद ग्रँट डफनेंच केली आहे. तो त्या काळीं दक्षिणेंत प्रत्यक्ष वावरलेला अधिकारी होता. पेशव्यांवर प्रेम करणारा नव्हता, तेव्हां आंकडा थोडा फुगलेला धरला तरी गोष्ट पोकळ नाहीं. नारायणराव स्वप्नांत येतात, पाठ सोडीत नाहींत, असें बाजीरावांविषयीं लोक बोलत. त्यांनीं शुक्रवारवाडा, विश्रामबागवाडा असे नवे वाडे बांधून शनिवारवाड्यांतलें राहणें कमी केलें, याचेंहि कारण लोक तेंच देत. नवे वाडे बांधण्यास सत्ताधीशाला भुताचें निमित्त लागत नाहीं, हें खरें. आणि बाजीरावांना सुखसोयींची आवडहि कमी नव्हती. परंतु आमराया लावणें हें चैनीचें काम नव्हे. धर्मशास्त्रांत वृक्षारोपण हें पुण्यकर्म. आंब्याचें झाड लावणाऱ्याच्या पितरांनाहि त्याचें फळ पोंचतें अशी श्रद्धा. ज्यांच्या हातून पाप घडलें ते आईबाप प्रायश्चित्त न घेतां गेले, आणि मुलगा त्यांच्या वतीनें झाडें लावीत बसला. त्याचे मुलगे वांचले नाहींत आणि बिठूरास गेल्यावर त्याला दत्तक घ्यावा लागला, ह्या गोष्टीचीहि सांगड त्या हत्येशीं घालणें कोणास जड गेलें नसेल.

याच वाड्यांत आणखी एक तरुण पेशवा मेला, पण त्याची हांक ऐकूं येत नाहीं. नारायणरावांचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा सवाई माधवराव ता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं गणेशमहालाच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनीं वारला. वय एकवीस. तापाच्या भरांत तोल गेला, कीं त्यानें स्वतःला लोटून दिलें, यावर वाद झाले. बापाहून त्याचें मरण कमी करुण नाहीं. पण तेथें पाठलाग नव्हता, तरवार नव्हती, आणि ज्याला हांक मारावी असा काकाहि नव्हता. लोककथेनें त्याला कारंज्याजवळच सोडून दिलें.

सन १८१८ नंतर वाडा इंग्रजांच्या ताब्यांत आला. पहिला कलेक्टर हेन्री डंडास रॉबर्टसन कांहीं काळ तेथेंच राहत होता. पुढें काय झालें, हें भुताच्या गोष्टीच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे आणि तें बहुधा कोणी सांगत नाहीं. बिशप हेबर सन १८२५ मध्यें पुण्यास आला, तेव्हां वाड्याच्या तळमजल्यावर तुरुंग होता, त्यावर दवाखाना होता, आणि त्याच्याहि वर वेड्यांचें इस्पितळ होतें. पेशव्यांच्या महालांत साखळदंड घातलेले कैदी आणि मनोरुग्ण ठेवलेले होते. मनोरुग्णांना त्या काळीं देशांत काय किंवा विलायतेंत काय, कोणते उपचार मिळत असत हें ठाऊकच आहे. शनिवार आणि कसबा पेठेंत त्या वर्षांत निजलेल्या माणसांना वाड्यांतून रात्रीं आरोळ्या ऐकूं आल्या असतील, तर त्यांत नवल नाहीं. त्या भुताच्या नव्हत्या. सोडवा, वांचवा असें म्हणणाऱ्या जिवंत माणसांच्या होत्या. नारायणरावांची दंतकथा त्या आरोळ्यांतून जन्मली असें म्हणणें धाडसाचें होईल. पण जुन्या गोष्टीला रात्रीची वेळ आणि प्रत्यक्ष आवाज या दोन गोष्टी कोठून मिळाल्या असतील, असें कोणी विचारलें, तर या तीन-चार वर्षांकडे बोट दाखविण्यास हरकत नाहीं.

ता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं वाड्यास आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी खांब, तक्तपोशी, महिरपी, चित्रें, सारें जळालें. तट आणि दरवाजे मागें राहिले. ज्या दालनांतून नारायणराव धांवले तें दालन गेलें, ज्या देवघरापाशीं मिठी सुटली तें देवघर गेलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत वाडा संरक्षित स्मारक झाला, माती-ढिगारे उपसून खालचीं जोतीं उघडीं केलीं गेलीं आणि पुढें तेथें हिरवळ आली. घटनेची जागा दाखविणाऱ्यांत त्यामुळें एकवाक्यता नाहीं. तेव्हां भूत जेथें वावरतें म्हणतात, तेथें वावरण्यास आतां खोलीच उरलेली नाहीं. वस्तु गेली म्हणजे आवाज टिकविण्याचें काम दुसऱ्या कोणास तरी करावें लागतें. तें मराठी रंगभूमीनें केलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें "भाऊबंदकी" सन १९०९ मध्यें रंगभूमीवर आलें, आणि राघोबा, आनंदीबाई व रामशास्त्री हीं तीन माणसें शिकलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें कायमचीं उभीं राहिलीं. प्रभातचा "रामशास्त्री" हा बोलपट सन १९४४ चा. रंगभूमीला आणि पडद्याला रात्र लागते, दिव्यांची उघडझांप लागते, आणि शेवटच्या ओळींत बसलेल्या माणसालाहि ऐकूं जाईल असें वाक्य लागतें. लोककथेनें तें आधींच तयार करून ठेवलें होतें.

मात्र नाटकांतल्यासारखी वाड्यांतल्या त्या आवाजांतहि मोजकींच पात्रें उरलीं आहेत. एक पुतण्या, एक काका, आणि पडद्याआड उभी असलेली एक काकू. ज्या गारद्यांचा पगार थकला ते त्यांत नाहींत. बंदोबस्त पुढें ढकलून जेवावयास गेलेले हरिपंत नाहींत. कागद लिहिणारे सव्वीस जण नाहींत. त्या दोन कुणबिणींनीं मरतांना कोणाला हांक मारली, हें कोणत्याहि पौर्णिमेला कोणी ऐकल्याचें सांगत नाहीं. चाफाजी टिळेकरानें तर बहुधा हांक मारलीच नसेल. हांक ऐकून जे थोडे लोक धांवले त्यांतला तो एक होता, आणि त्याला तेवढाच वेळ मिळाला.

नारायण दरवाजा वाड्याच्या दक्षिण अंगास आहे. पाहुणे दिल्ली दरवाजानें आंत शिरतात, जोत्यांवरून हिंडतात, आवाज कोठून येतो तें एकमेकांस विचारतात, आणि संध्याकाळीं वाडा मिटण्याच्या वेळीं आल्या वाटेनें बाहेर पडतात.